टर्मिनल बोर्ड लावला, तरी मागावरचा आकडा का चुकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात घरचा टॉवेलचा कारखाना, आठ माग. एका मागावर प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की खूण देणारा) आणि ३० पिनांचं ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) लावून पिक, म्हणजे विणले जाणारे आडवे धागे, मोजायचे, आकडा मोबाइलवर बघायचा. घरी टेबलावर ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या भोकांच्या पाटीवर, आठवडाभर बिनचूक चाललं. मागावर नेलं तर पहिल्याच पाळीत जंपर तारा निघून लोंबायला लागल्या. म्हणून स्क्रू टर्मिनलचा ब्रेकआउट बोर्ड आणला, म्हणजे ईएसपी ज्यात खोचायचं आणि तारा स्क्रूखाली आवळायच्या असा बोर्ड. आता तारा निघत नाहीत, पण दोन-तीन दिवसांआड आकडा चुकतो आणि कधीकधी ईएसपी आपोआप रीस्टार्ट होतं. बोर्ड बदलू, की प्रोग्रॅममध्ये चूक आहे?

बोर्ड बदलू नका. प्रोग्रॅमलाही अजून हात लावू नका.

मी वीसेक वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. मायक्रोकंट्रोलरचा नाद त्यानंतरचा, त्यामुळे माझी नजर आधी तारेवर जाते आणि कोडवर सगळ्यात शेवटी. तुम्हीही तसंच करून बघा. सेन्सरच्या एका तारेवर बोट ठेवा आणि चिपपर्यंत चालत जा. केबल आखूड पडली म्हणून वाढवली असेल तर तो पहिला जोड. टर्मिनलचा स्क्रू दुसरा. टर्मिनलचा पाय बोर्डाला सोल्डर केलाय तो तिसरा. तिथून तांब्याची पट्टी निघून फीमेल सॉकेटच्या पायाला मिळते, तो चौथा. सॉकेटमधली पाकळी आणि मॉड्यूलची (ईएसपीच्या छोट्या बोर्डाची) पिन, पाचवा. ती पिन मॉड्यूलवर सोल्डर केलीय, सहावा. एका तारेला सहा जोड. सेन्सरच्या तीन तारा आणि सप्लायच्या दोन धरल्या तर पंचवीस-तीस जोडांवर तुमचा आकडा उभा आहे. त्यातले पाच स्क्रूचे जोड आता सुधारलेत, तेही नीट केले असतील तर. बाकीचे ब्रेडबोर्डवर होते तेवढेच कच्चे किंवा पक्के आहेत.

आता हे सगळं कुठे बसवलंय ते बघू. मिनिटाला दीडशे पिक धरले तर तासाला ९,००० आणि बारा तासांच्या पाळीत १,०८,००० ठोके. फणी प्रत्येक वेळी आपटते, सांगाडा प्रत्येक वेळी हादरतो, आणि तुमची डबी त्या सांगाड्यावर स्क्रूने आवळलेली आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय तसं असेल तर अगदी बाजूच्या चौकटीवर.

तिथून ती काढा. सगळ्यात मोठा फरक एवढ्यानेच पडेल. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. एका ओळखीच्या कारखान्यात डबी मागावर बसवत होतो, तर तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, ''साहेब, डबीला मागावर कशाला बसवताय, तिला काय विणायचंय का?'' मी हसण्यावारी नेलं आणि आठ दिवसांनी डबी उचलून खांबावर नेली. मागावर फक्त सेन्सर लागतो. तो रेझिनमध्ये ओतलेला असतो, धक्का सोसायलाच बनवलेला. त्याची केबल तीन-चार मीटर वाढवून भिंतीवरच्या किंवा खांबावरच्या पेटीत आणली तर १२ व्होल्टच्या सेन्सरला काही फरक पडत नाही. फक्त ती केबल मोटरच्या तारांच्या पाइपातून आणू नका. वितभर अंतर ठेवून वेगळी आणा, आणि मोटरची तार ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

पेटी खांबावर गेली तरी शेडमध्ये हादरा असतोच, जमीनसुद्धा थरथरते. त्यामुळे जोडांचा विचार सुटत नाही.

आधी तो पाचवा जोड, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. टर्मिनल बोर्ड घेतला की वाटतं आता सगळं स्क्रूने आवळलेलं आहे. प्रत्यक्षात मॉड्यूल सॉकेटमध्ये नुसतं खोचलेलं असतं. हादऱ्याने पिन आणि पाकळी एकमेकांवर केसभर पुढेमागे सरकत राहतात. वरचा कथलाचा मुलामा घासला जातो, त्याची बारीक भुकटी होते, ती काळवंडते आणि मधे अडून बसते. दिसायला पिन पूर्ण आत असते. मीटर लावला तर जोड सलग असल्याचा बीपही येतो. चालू मागावर मात्र हजारातला एखादा ठोका असा येतो की क्षणभर संपर्क सुटतो. याची एक खूण आहे. मॉड्यूल काढून परत दाबून बसवलं की चार-आठ दिवस सगळं सुरळीत चालतं, मग पुन्हा तेच. काढताना-घालताना पिन घासून साफ होते, एवढंच त्यामागचं रहस्य. 'मी नवीन कोड टाकला आणि बरं झालं' असं तुम्हाला वाटलं असेल तर आठवून बघा, कोड टाकायला मॉड्यूल काढून घरी नेलं होतं का?

उपाय दोन. मॉड्यूल बोर्डाला बांधून टाकायचं: दोन नायलॉन टाय, एक यूएसबीच्या बाजूला, दुसरा मधे. अँटेनावरून काही न्यायचं नाही. किंवा पिनांच्या मुळाशी दोन्ही टोकांना न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो सिलिकॉन चालत नाही, तो तांबं खातो. ग्लूगनच्या गोंदाचा मोह होईल, पण सोलापूरचा मे आठवा. सावलीत ४३-४४ अंश असताना पत्र्याच्या शेडमधली बंद पेटी आतून किती तापत असेल! त्या उष्णतेत तो गोंद मऊ पडतो आणि हादऱ्यापुढे हळूहळू सुटतो. मॉड्यूल बोर्डाला थेट सोल्डर करणं सगळ्यात पक्कं, पण मग ते जळल्यावर पाच मिनिटांत बदलता येत नाही, आणि टर्मिनल बोर्ड घेण्याचा निम्मा फायदा तोच आहे.

आता स्क्रूच्या जोडाकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुका इथेच होतात आणि त्या दिसत नाहीत.

तार कुठली? जंपर तारेचं टोक कापून टर्मिनलमध्ये घालणारे खूप जण असतात. ती तार जेमतेम २६-२८ गेजची असते, स्वस्तातल्या पाकिटात तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही निघतं. ॲल्युमिनियम स्क्रूखाली चेपत जातं आणि जोड ढिला पडतो. चाकूने तार खरवडा, आत चंदेरी दिसली तर फेकून द्या. दुकानात 'चौदा छत्तीस' मागा, म्हणजे ३६ गेजचे १४ धागे, साधारण ०.४ चौरस मिलीमीटर. जुने दुकानदार त्यालाच 'चौदा शहात्तर' म्हणतात, कारण तो धागा इंचाच्या ०.००७६ जाडीचा असतो. तार तीच. सिग्नलला 'सात छत्तीस'ही पुरते, सप्लायला 'तेवीस छत्तीस' घ्या. एक धाग्याची टणक तार पेटीच्या आत चालेल, पण हलणाऱ्या जागी नको. ती स्क्रूच्या तोंडाशीच वाकून वाकून तुटते.

सोलायची किती? ५.०८ मिलीमीटर अंतराच्या टर्मिनलला सहा-सात मिलीमीटर, ३.५ च्या टर्मिनलला पाच-सहा. उघडी तार बाहेर दिसता कामा नये, आणि इन्सुलेशन स्क्रूखाली जाता कामा नये. दुसरी चूक जास्त वाईट. स्क्रू आवळल्यासारखा वाटतो, तार ओढली तर येत नाही, पण धरलेलं असतं ते प्लॅस्टिक.

टर्मिनल दोन जातींचे असतात हे अनेकांना माहीत नसतं. एकात स्क्रू खाली उतरून पितळी पाकळीमार्फत तारेला दाबतो. दुसऱ्यात स्क्रू फिरवला की आतली डबी वर उचलली जाते आणि तार डबीच्या तळात चिमटली जाते. दुसऱ्या जातीत तार घालायच्या आधी स्क्रू पूर्ण सैल करून डबी तळाला न्यावी लागते. ती अर्धवट वर असेल तर तार डबीच्या खालून जाते. तुम्ही स्क्रू घट्ट आवळता, डबी वर चढून बसते आणि तार खाली नुसती टेकून राहते. हा जोड टेबलावर महिनाभर चालू शकतो. म्हणून आवळल्यावर प्रत्येक तार बोटांनी ओढायची. नखाने हलवून बघायची नाही, खरंच ओढायची. यायची असेल तर आत्ताच येऊ दे.

आणि आता माझा स्वतःचा मूर्खपणा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, म्हणून खालची टाकी, वरची टाकी आणि मधे पंप हे घरोघरचं गणित आहे. मी घरी फ्लोट स्विच आणि टर्मिनल बोर्ड वापरून पंपाचा कंट्रोलर केला. पॅनेलमध्ये मी कधीच करत नाही ते घरी केलं: तारांचे धागे विस्कटू नयेत म्हणून टोकांना सोल्डर मारून ती टणक केली आणि स्क्रूखाली घातली. फार सुबक दिसत होतं. पावणेदोन महिन्यांनी रात्री दोनला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) कटकट वाजायला लागला. पंप दोन सेकंद चालू, एक सेकंद बंद. घरातले सगळे जागे. मी जिन्याखाली टॉर्च घेऊन बसलो आणि फ्लोटच्या तारेचा स्क्रू टेस्टर लावल्या लावल्या अर्धा आटा फिरला.

सोल्डर मऊ धातू आहे. सतत दाबाखाली तो हळूहळू वाहतो, म्हणजे चेपून बाजूला सरकतो. स्क्रू जिथे होता तिथेच राहतो, खालचा माल कमी होतो. वर आणखी एक तोटा: सोल्डर जिथे संपतो तिथे तार अचानक टणकाची मऊ होते, आणि हादऱ्यात नेमकी त्याच रेषेवर तुटते. तेव्हा सोल्डर मारलेलं टोक स्क्रूखाली घालायचं नाही. एक तर उघडे धागे पिळून घाला, किंवा लग मारा.

लग म्हणजे तांब्याची कथलाचा मुलामा दिलेली बारीक नळी, मागे प्लॅस्टिकचं नरसाळं. पॅनेलवाले तिला एंड सीलिंग लग म्हणतात. दुकानात नुसतं 'फेरूल' मागितलं तर आपल्याकडे तारेवर नंबर घालायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या हातात ठेवतात, तेव्हा नीट सांगा. जर्मन पद्धतीच्या रंगांत ०.५ चौरस मिलीमीटरला पांढरी, ०.७५ ला करडी, १ ला लाल, १.५ ला काळी. दुसऱ्या पद्धतीत रंग वेगळे असतात, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचा. तुमच्या चौदा छत्तीसला पांढरी बसते. नळीची लांबी बघून घ्या: सर्रास मिळते ती आठ मिलीमीटरची, आणि ३.५ च्या बारीक टर्मिनलमधून तिचा उघडा भाग बाहेर राहतो. सहाची मिळाली तर ती घ्या, नाहीतर आठची दाबून झाल्यावर टोक कापा. दाबायला लगचंच क्रिंपिंग टूल हवं, पक्कड चालत नाही. पकडीने नळी चपटी होते, धागे आत मोकळे राहतात. टूल महाग वाटेल. आठ मागांना लावायचं असेल तर ते पहिल्याच महिन्यात वसूल होईल.

स्क्रू किती आवळायचा? या बोर्डांवरचे स्क्रू ३.५ च्या टर्मिनलला साधारण एम२ चे आणि ५.०८ ला एम३ चे असतात. एम३ ला अर्धा न्यूटन-मीटर, एम२ ला त्याच्याही निम्म्याहून कमी. मनगट वापरायचं नाही, तीन बोटांनी फिरवायचं. घरातला निऑनचा टेस्टर एम३ ला कसाबसा चालतो, पण त्याचं पातं एम२ च्या खाचेत नीट बसत नाही, स्क्रूचं तोंड खराब होतं आणि मग आवळल्याचा भास होतो. अडीच मिलीमीटर पात्याचा स्क्रू ड्रायव्हर वेगळा ठेवा. आवळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रू एकदा परत बघायचे. धागे रात्रभरात दबून बसतात आणि बहुतेक स्क्रू थोडे का होईना फिरतात. त्या दुसऱ्या फेरीनंतर नेलपॉलिशची एक बारीक रेघ स्क्रूवरून प्लॅस्टिकवर ओढा. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे लांबूनच कळतं. घरातली बाटली न विचारता नेऊ नका.

एका टर्मिनलमध्ये दोन तारा, विशेषतः दोन वेगळ्या जाडीच्या, घालू नका. जाड तार स्क्रू अडवते, बारीक तार मोकळी राहते. ग्राउंडला हे हमखास होतं, कारण बोर्डावर ग्राउंडची टर्मिनल दोन-तीनच असतात. शेजारी एक बारा वेची, म्हणजे बारा जोडांची, कनेक्टर पट्टी लावा, सगळे ग्राउंड तिथे गोळा करा, तिथून एकच तार बोर्डाला. आणि केबल टर्मिनलने धरायची नसते. टर्मिनलपासून चार बोटांवर टाय किंवा क्लॅम्प, त्याच्या पुढे तारेला थोडी ढील.

आता आकडा चुकण्याचं दुसरं संभाव्य कारण, आणि हे आधी तपासा, कारण यात चिपचा जीव आहे. तुमचा सेन्सर १२ मिलीमीटर आट्यांचा, तीन तारांचा, एनपीएन जातीचा दिसतोय. तपकिरी तार सप्लायची, निळी शून्याची, काळी सिग्नलची. घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल हे हाताला इतकं बसलेलं असतं की चांगले चांगले वायरमन काळी ग्राउंडला जोडून मोकळे होतात. तुम्ही बरोबर जोडलीय, नाहीतर काहीच मोजलं नसतं. पण त्या काळ्या तारेवर किती व्होल्ट येतात ते मोजलंत का? एनपीएनचं आउटपुट उघडं असायला हवं, म्हणजे धातू समोर आला की ते शून्याला ओढतं, एरवी तरंगतं. बाजारातल्या बऱ्याच सेन्सरांत मात्र आतच एक रेझिस्टर सप्लायला बांधलेला असतो. मग धातू नसताना काळ्या तारेवर बारा व्होल्टच्या आसपास दिसतात, आणि ईएसपीची पिन ३.३ व्होल्टची आहे. लगेच जळत नाही म्हणून लक्षात येत नाही. मॉड्यूलपासून तार सोडवा, सेन्सरला १२ व्होल्ट द्या, काळी आणि निळीमध्ये मीटर लावा.

मी यात दरवेळी पीसी८१७ ऑप्टोकप्लर टाकतो, मीटरवर व्होल्ट कितीही येवोत. त्यात सिग्नल प्रकाशाने पलीकडे जातो, दोन बाजूंचे व्होल्ट एकमेकांत मिसळत नाहीत. १२ व्होल्टकडून २.२ किलोओहम, मग ऑप्टोचा एलईडी, मग काळी तार: पाच मिलिॲम्पिअर जातात. पलीकडे ऑप्टोचा ट्रान्झिस्टर ईएसपीच्या पिनला ग्राउंडकडे ओढतो, आणि ३.३ व्होल्टकडून ४.७ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे एरवी पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर. ईएसपीच्या आतल्या पुल-अपवर विसंबू नका, तो ४५ किलोओहमच्या घरातला असतो, इतका नाजूक की लांब तारेवर शेजारच्या स्टार्टरचा झटकासुद्धा पिक म्हणून मोजला जातो. आकडा कमी येतो की जास्त, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघा. कमी येत असेल तर संपर्क तुटतोय, वरचा सगळा किस्सा. जास्त येत असेल तर बाहेरचा झटका आत शिरतोय. जास्तीचा आकडा प्रोग्रॅमनेही आवरता येतो: दीडशे पिक म्हणजे दोन पिकांत ४०० मिलिसेकंद, तेव्हा शंभर मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा पल्स बिनदिक्कत टाकून द्या. कमी आलेला आकडा मात्र कुठलाच प्रोग्रॅम परत आणत नाही.

रीस्टार्टचं मूळ मला सप्लायच्या तारांत दिसतं. वाय-फायवर पाठवताना ईएसपी३२ क्षणभर जोरात करंट ओढतं, म्हणून त्याला अर्धा ॲम्पिअर देऊ शकणारा सप्लाय लागतो. वाटेतला एखादा जोड ढिला असला की त्या क्षणी व्होल्टेज खचतं आणि चिप स्वतःला रीसेट करते. लॅपटॉप लावून बघा, सीरियल मॉनिटरवर (ईएसपीने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) 'ब्राउनआउट', म्हणजे व्होल्टेज खचल्याचा शब्द आला तर शंका उरत नाही. हा जोड शोधायला बीप वापरू नका. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, यंत्र चालू असू द्या. एक टोक सप्लायच्या तारेच्या लगवर, दुसरं मॉड्यूलच्या पिनेच्या मुळाशी. मधे १०-२० मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. शंभराच्या पुढे गेलं किंवा आकडा नाचत असेल तर चोर त्याच दोन टोकांमध्ये आहे. ग्राउंडलाही तसंच. माझ्या अनुभवात दहातले सात वेळा ग्राउंडच निघतो. टर्मिनलच्या तोंडाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पण ढिल्या स्क्रूवर तो मलमपट्टी आहे हे धरून चाला. १२ चे ५ करणारा छोटा बक कन्व्हर्टर असेल तर त्याचा व्होल्टेजचा पितळी स्क्रू हादऱ्याने सरकतो. त्यावरही नेलपॉलिश.

बोर्डावर छापलेल्या नावांवर विश्वास ठेवण्याआधी एक तपासणी. हे बोर्ड ३० आणि ३८ पिनांचे वेगवेगळे असतात, काही दोन्ही घेतात, आणि दोन्हींतला क्रम वेगळा आहे. ३० पिनांच्या मॉड्यूलवर ३.३ व्होल्टची पिन यूएसबीच्या बाजूला असते, ३८ पिनांच्यावर अँटेनाच्या बाजूला. चुकीच्या रांगेचं नाव वाचून सप्लाय दिला तर एका झटक्यात खेळ खलास. मॉड्यूल बसवून, सप्लाय न देता, मॉड्यूलवरच्या नावापासून टर्मिनलच्या स्क्रूपर्यंत बीप घेऊन स्वतःच्या हाताने तक्ता लिहा. इथे बीप उपयोगी. सेन्सर ज्या पिनेवर आहे तीही बघा: ३४, ३५, ३६, ३९ या फक्त इनपुटच्या, त्यांना आतला पुल-अप नसतोच. १२ नंबरची पिन चिप सुरू होताना वर, म्हणजे ३.३ व्होल्टला, असेल तर चिप उठतच नाही. ३८ पिनांच्या बोर्डावर ६ ते ११ यांनाही ऐटीत टर्मिनल दिलेली असतात, त्या फ्लॅश मेमरीच्या आहेत, त्यांना हात नको. पिक मोजायला २७ किंवा ३३ घ्या, निर्धास्त.

पुढे कुणीतरी सुचवेल की याच बोर्डावरून रिले चालवून माग बंद करू. रिलेची कॉइल ठीक, पण २३० किंवा ४१५ व्होल्टची एकही तार या पेटीत आणू नका. टर्मिनलच्या अंगावर ३०० व्होल्ट लिहिलेलं असतं ते टर्मिनलपुरतं. खाली बोर्डाच्या पट्ट्यांमध्ये तेवढं अंतर सोडलेलं नसतं, आणि त्यावर तुमच्या शेडमधला कापसाचा तूस खळीच्या भुकटीसकट बसणार, दमट हवेत ओला होणार. मोटरचं काम वेगळ्या पेटीतल्या कॉन्टॅक्टरचं. तुसासाठी पेटीला वर भोकं नकोत, केबल खालून ग्लँडमधून, म्हणजे केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून, आणा. पेटी प्लॅस्टिकची घ्या, पत्र्याच्या पेटीत वाय-फाय कोंडतं.

सगळ्या आठ मागांना लावायचं ठरलं तर मी आठ टर्मिनल बोर्ड घेणार नाही. एक माग टर्मिनल बोर्डावर महिनाभर चालवा, जोडणी पक्की झाली की झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या सोल्डर बोर्डावर) ऑप्टो, पुल-अप, कपॅसिटर सोल्डर करून बाहेर येणाऱ्या पाच तारांनाच टर्मिनल द्या. पेटीच्या आतल्या तारांना खटका असलेले रेलीमेट कनेक्टर पुरतात. मोठा टर्मिनल बोर्ड चाचणीच्या काळात सोन्यासारखा असतो, कारण पिन बदलायची तर एक स्क्रू सोडायचा. नंतर तीसपैकी पंचवीस रिकामे स्क्रू पेटीत खुळखुळत बसतात. हो, रिकामे स्क्रूही आवळून ठेवा, नाहीतर एखादा निघून नको तिथे पडतो.

कामाला लागायचा क्रम माझ्या मते असा. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आधी काळ्या तारेचे व्होल्ट. मग पेटी खांबावर. सगळ्या तारा काढून लग मारून परत, प्रत्येक ओढून. मॉड्यूलला टाय. दुसऱ्या दिवशी माग चालू असताना स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पेटीवर, मग बोर्डाच्या कडेवर, मग मॉड्यूलवर हलके टकटक करत आकड्याकडे बघा. कुठे टकटक केल्यावर आकडा उडतो किंवा अडतो ते मला कळवा. आणि झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: कुठल्या टर्मिनलला कुठल्या रंगाची तार, मोठ्या अक्षरात, मराठीत. तुम्ही गावात नसताना ती पेटी जॉबरच उघडणार आहे.